बिननंबरी बारा दगड

“वाळू लागली की हँडल आवळून धरायचं नाही, सैल सोडायचं. आणि पुढच्या चाकाकडे बघायचंच नाही. लांब बघायचं, लांब! चाकाकडे बघत बसलीस तर चाकापाशीच पडशील.”

वन्संचा आवाज चकतीच्या कानात इतका स्पष्ट होता, जणू त्या मागे कॅरियरवर बसून आल्या होत्या. वन्संच्या या सायकलीला कॅरियर नव्हतं. मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती. होते ते खोल खाचांचे जाड टायर, हँडलवर अंतर दाखवणारं काड्यापेटीएवढं मीटर, आणि इतके गियर की कुठला कशासाठी हे तीन आठवडे शिकूनही तिला उमगलं नव्हतं. वन्सं स्वतः चौदा किलोमीटरवर, घरी, खिडकीलगतच्या पलंगावर होत्या. खुब्यात स्टीलचा खिळा आणि उशाशी चालायची चौकट.

चकतीनं चाकाकडे बघितलं आणि ती पडली. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

वाळू मऊ होती, म्हणून लागलं काही नाही. तिनं आधी चष्मा चाचपला, मग गुडघे, मग सायकल. तिन्ही शाबूत. कपाळावरची वाळू झटकत ती स्वतःशीच म्हणाली, “बघते हो वन्सं, लांबच बघते,” आणि पुन्हा सीटवर चढली.

चकती हे तिचं खरं नाव नव्हे. ती खनिजांच्या प्रयोगशाळेत दगड कापायची. हिऱ्याच्या कणांची पाती लावलेल्या यंत्रावर दगडाचा काप काढायचा, तो काचपट्टीला चिकटवायचा आणि ओल्या पुडीवर घासत घासत इतका पातळ करायचा की दगडातून पलीकडचा उजेड दिसावा. केसाच्या निम्म्याहूनही पातळ. एक घासा जास्त झाला की दगड पुडीत मिसळून जातो आणि हातात नुसती काच उरते. तिच्या हातून सहसा उरत नसे. दगडाच्या चकत्या करणारी म्हणून वन्संनी तिला चकती म्हणायला सुरुवात केली ती लग्नाच्याही आधी, त्या पहिल्यांदा आपले दगड घेऊन प्रयोगशाळेत आल्या तेव्हा. पुढे त्यांनीच आपला धाकटा भाऊ दाखवला. “मुलगा साधा आहे, शाळेची बस चालवतो, तोंड जरा जास्त चालवतो,” इतकीच ओळख करून दिली होती. त्या ओळखीत खोटं काही निघालं नाही.

वन्संचं काम नकाशांचं. कुठल्या मातीखाली कुठला दगड आहे, तो कुठं सुरू होतो, कुठं संपतो, हे सगळं वाळवंट सायकलीवर पालथं घालून त्यांनी रंगवून ठेवलं होतं. नकाशाचा शेवटचा तक्ता राहिला होता, आणि त्या तक्त्यावर एक रेघ. अलीकडे तांबडा वाळूचा दगड, पलीकडे राखाडी, जिप्सम भरलेली चिकणमाती. दोघांची हद्द साडेतीन किलोमीटर वाळूखाली गडप झालेली. तिथं वन्संनी इतकी वर्षं टिंबं दिली होती. टिंबं म्हणजे ‘असावी बहुतेक’.

“टिंबं जोडून सरळ रेघ मारा हो बाई, वाळूखाली कोण बघायला जातंय?” असं ऑफिसातले साहेब फोनवर म्हणाले होते.

“विहीर खणणारा जातो,” वन्सं म्हणाल्या होत्या. रेघेच्या अलीकडे खणलं तर पाणी गोड, पलीकडे खणलं तर कडू. कुणीतरी त्यांच्या टिंबांवर विसंबून महिनोन् महिने खणणार आणि शेवटी ओंजळभर कडू पाणी तोंडात घेणार, ही गोष्ट त्यांना झोपू देत नसे.

त्यांच्या एका जुन्या वहीत एका गुराख्याचं बोलणं टिपलेलं होतं: चांगला पाऊस झाला की त्या बाजूला फुलांचा पट्टा उठतो, शिंप्यानं खडूनं आखावा तसा. जिप्समवरच येणारं एखादं झाड असणार, असं वन्संनी ताडलं होतं. मग त्या चांगल्या पावसाची वाट बघत बसल्या. तो नऊ वर्षांनी पडला, आणि पडला तो नेमका त्यांचा खुबा मोडल्यानंतरच्या आठवड्यात. घळीत घसरून त्या पडल्या तेव्हा त्यांचं जागा दाखवणारं यंत्रही दगडावर आपटून गेलं. तक्ता शुक्रवारी सकाळी छापायला जायचा होता. आज बुधवार होता.

“मी जाऊ का?” असं चकतीनं विचारलं तेव्हा वन्संनी तिला चष्म्यावरून पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं होतं.

“तू? तू तीस वर्षांत प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेरचा दगड बघितला आहेस का?”

“नाही. पण सायकलीवर रोज कामाला जाते.”

“ती सायकल म्हणजे चाकं लावलेली खुर्ची गं!” वन्सं म्हणाल्या, पण दुसऱ्याच दिवशी पलंगावरून शिकवणी सुरू झाली.

आणि आज सकाळी चकतीच्या नवऱ्यानं रजा टाकून तिला नि सायकलीला गाडीत घालून, रस्ता संपतो तिथल्या खडीच्या मोकळ्या जागेत आणून सोडलं होतं.

“पाणी? दुसरी बाटली? टोपी? हे बघ, मी इथंच आहे. तीनला एकदा हॉर्न वाजवीन, साडेतीनला दोनदा. चारला मी स्वतः शोधायला येईन, आणि मी आलो तर मग तुला मला शोधावं लागेल.”

“अहो, येईन मी वेळेत.”

“शाळेतली पोरंसुद्धा असंच म्हणतात,” तो म्हणाला आणि थर्मासचं झाकण उघडून बसला.

पायवाट आधी तांबड्या कातळाच्या कडेनं जात होती. चकतीनं ब्रेक दाबला तो थकून नाही. समोरच्या कातळाच्या उभ्या भिंतीवर तिरप्या रेघांचे थरावर थर होते, कुणी कंगवा फिरवावा तसे, एक थर या अंगाला कललेला, वरचा त्या अंगाला. ती खाली उतरली. तळहात टेकवला. बोटाला खरखर लागली आणि तिच्या मनात आपोआप उमटलं: गोल दाणे, सगळे एका मापाचे, एकमेकांना टेकलेले, आणि दाण्यांच्या फटींत लोखंडाचा गंज. डोळे मिटूनही तिनं हा दगड ओळखला असता. याचे कितीतरी काप तिनं काढले होते. याला ती आतून ओळखत होती, सुई शिरणार नाही इतक्या आतून. बाहेरून आज पहिल्यांदा बघत होती. म्हणजे हे तिरपे थर वाऱ्याचे. वाळूच्या टेकड्या सरकत सरकत गेल्या आणि जिथल्या तिथं दगड झाल्या. वन्सं जेवताना हे सांगायच्या, तेव्हा ती वाढण्याच्या गडबडीत हो हो म्हणायची.

“इथं राहतोस होय तू,” ती कातळाला म्हणाली. नात्यातल्या माणसाची सगळी दुखणी माहीत असावीत आणि त्याच्या घरी मात्र आपण कधीच गेलेलो नसावं, तसं झालं होतं तिचं.

पुढं उतार लागला आणि उताराखाली सगळं रान पिवळं होतं. कमरेपर्यंत वाढलेली, तबकाएवढ्या झुबक्यांची पिवळी फुलं. चकतीला आनंद झाला तो चार पावलं टिकला. कारण पिवळं अलीकडे होतं, पलीकडेही होतं. तांबड्या मातीवर होतं, वाळूवर होतं, घळीच्या तळाशी होतं. नऊ वर्षांनी पडलेल्या पावसानं काही हातचं राखून ठेवलं नव्हतं. ज्या फुलांनी हद्द दाखवायची ती हद्द विसरून नाचत सुटली होती. मधमाश्यांचा आवाज असा, की लांबून कुणी यंत्र चालवतंय असं वाटावं.

ती वन्संनी सांगितल्याप्रमाणे लांब बघत राहिली. टेकाडावर चढून बघितलं. सायकल ढकलत दुसऱ्या टेकाडावर गेली, तिथून बघितलं. पट्टा नव्हता, रेघ नव्हती, नुसता पिवळा सावळागोंधळ. वन्संच्या पलंगाशी उभं राहून ‘काही दिसलं नाही हो’ हे वाक्य कसं बोलायचं, याचा ती विचार करू लागली. वन्सं रागावल्या असत्या तर चाललं असतं. त्या ‘बरं’ म्हणाल्या असत्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या असत्या. त्याची तिला भीती होती.

मनगटावरच्या घड्याळात बारा वाजले.

चकतीचा एक नियम होता. रोज दुपारी बाराला हातातलं काम ठेवायचं आणि देवाचे आभार मानायचे. एकाच गोष्टीचे, पण ती गोष्ट आधी कधी मानलेली नसावी. एकोणतीस वर्षं हा नियम अखंड चालू होता. मोठाल्या गोष्टी पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपल्या. मग तिनं पाण्याच्या नळाचे आभार मानले, तुंबून मोकळ्या झालेल्या मोरीचे मानले, हरवून सापडलेल्या सेफ्टी पिनेचे मानले. प्रयोगशाळेतली माणसं बाराला तिचं यंत्र बंद झालं की घड्याळं लावत. नवरा चिडवायचा, “चुकून एखादा आभार दुसऱ्यांदा मानलास तर देव परत पाठवतो का?” ती म्हणायची, “देव नाही पाठवत. पण मला कळतं ना.”

आज आभार मानावेत असं काही वाटत नव्हतं. पण मनाला विचारून नियम पाळायची तिची पद्धत नव्हती. तिनं सायकल आडवी ठेवली, टोपी काढली, वाळूवर गुडघे टेकले. “देवा, तीनदा पडले आणि काही मोडलं नाही. मोडलं असतं तर घरात दोन पलंग लागले असते. तुझी कृपा आहे,” असं हळू आवाजात म्हणून तिनं कपाळ जमिनीला टेकवलं.

कपाळ उचलताना चष्म्याच्या खालच्या भिंगातून, जवळचं वाचायच्या भिंगातून, तिला ते दिसलं.

शर्टाच्या गुंडीएवढं फूल. पांढरं, मध्ये जांभळा थेंब. दांडी म्हणावी तर दोऱ्याएवढी, जमिनीपासून बोटभर उंच. त्याच्या शेजारी दुसरं. मग दहा. मग इतकी की तिनं श्वास रोखला. आपल्या श्वासानं ती हलतील असं वाटलं. उभ्या माणसाला ती वाळूच्या रंगात मिसळून जात होती. पिवळ्या झुडपांच्या पायाशी, त्यांच्या सावलीबाहेर, जमिनीला चिकटून ती पसरली होती.

ती तशीच गुडघ्यांवर पुढं सरकली. तीन हातांवर फुलं संपली. हळूहळू विरळ होत नाही, एकदम संपली. पलीकडे नुसती तांबूस वाळू. मागं वळून बघितलं तर वाळूच्या पातळ थरातून डोकावणारी राखाडी, फुगीर, वाळलेल्या साबणासारखी जमीन, आणि तीत बारीक चमक. चिमूटभर माती तिनं बोटांत चोळली. जिप्सम. काप काढताना या पठ्ठ्यानं तिला किती रडवलं होतं! पाणी लागलं की विरघळायचा, तेल लावून घासावा लागायचा.

मोठ्यानं हसावं असं तिला वाटलं, आणि आसपास कोणी नाही म्हटल्यावर ती हसली.

मग ती सायकलीवर बसलीच नाही. फुलं चिरडू नयेत म्हणून तांबड्या अंगानं सायकल हातात धरून, कमरेत वाकून, वाटेत काही पडलंय का शोधणाऱ्या बाईसारखी ती फुलांच्या कडेकडेनं चालत राहिली. वाळूत चाक सर्र सरकायचं. चुकून राखाडीवर गेलं की खालून कुर्रकुर्र वाजायचं. डोळे, कान, हात तिन्ही एकच साक्ष देत होते. कड सरळ नव्हती. पहिली दोन टेकाडं सरळ गेली, मग डावीकडे वळली, एका बुटक्या टेकडीला वळसा घालून चांगली पोटात शिरली आणि मग पुन्हा बाहेर आली. वाटेत उंदरांची बिळं होती. बिळांच्या तोंडाशी त्यांनी खालून काढलेले खडे पडलेले. पुरावा म्हणून चकतीनं सहा ठिकाणी, कडेच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे बारा खडे उचलले आणि पिशवीत टाकले. प्रत्येक खडा तिनं आधी जिभेला लावून ओला करून बघितला. ओला झाल्याशिवाय दगड खरा रंग दाखवत नाही, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

साडेतीनचा दुसरा हॉर्न वाजला तेव्हा ती खडीच्या जागेत पोचली. नवऱ्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं.

“काय खाल्लंस? ओठ राखाडी झालेत.”

“दगड,” ती म्हणाली आणि हसत सुटली.

वन्संनी गाडीचा आवाज ऐकून केस विंचरले होते. चकती खोलीत आली तशी त्यांनी हात पुढे केला, तोंडानं काही न विचारता. चकतीनं सगळं सांगितलं, पडण्यापासून हसण्यापर्यंत. वन्सं ऐकता ऐकता उशीवरून उठून बसल्या. गुंडीएवढी फुलं ऐकल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“त्या वाटेनं शंभर वेळा गेलेय मी,” त्या म्हणाल्या. “शंभर वेळा! फुलं नव्हती तेव्हा, पण जमीनही कधी वाकून बघितली नाही. आण, दगड आण इकडे. मीटरचे आकडे सांग, मी मांडत जाते.” तक्ता मांडीवर होता, पेन्सिलीला टोक काढून तयार होतं.

चकतीनं पिशवी चादरीवर रिकामी केली.

वन्संनी एक दगड उचलला, उलटा केला, सुलटा केला. दुसरा उचलला. तिसरा.

“नंबर?”

“नंबर?” चकतीनं विचारलं.

“दगडावरचा नंबर. कुठल्या आकड्यावर उचललास तो आकडा.”

चकतीनं दगडाच्या पाठीकडे बघितलं. तीस वर्षं तिच्यापुढे आलेल्या प्रत्येक दगडाच्या पाठीवर पांढरा ठिपका असायचा आणि ठिपक्यावर नंबर. नंबर हा दगडाचाच भाग असावा, इतक्या सहजपणे ती तो वाचायची. तो तिथं कुणीतरी उन्हात उभं राहून घालतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि वन्संनीही सांगितलं नव्हतं. दगड उचलायच्या आधी आकडा, ही गोष्ट त्यांच्या लेखी श्वास घेण्यासारखी. ‘श्वास घे हं’ असं कोण कुणाला सांगतं?

“मी... मीटर बघितलंच नाही वन्सं.”

“बारा दगड,” वन्सं सावकाश म्हणाल्या. “बाराच्या बारा बेवारशी. ना गाव ना पत्ता! अगं, कुठून आला हे माहीत नसलेला दगड म्हणजे नुसता दगड गं! लोक कुत्र्याला मारतात तो!”

“ताई, हळू,” दारातून नवरा म्हणाला.

“तू बस चालव!”

वन्संनी पेन्सिल तक्त्यावर ठेवली, तक्ता बाजूला सरकवला. “बरं,” त्या म्हणाल्या. “साहेबांना फोन लावून दे. म्हणावं, मारा सरळ रेघ.” आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

चकती रडली नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली. काही सुचेना तेव्हा हातांना जे येत होतं ते हात करू लागले. तिनं एक खडा उचलला, निरखला, चादरीवर ठेवला. दुसरा त्याच्या समोर. तांबडे एका ओळीत, राखाडी दुसऱ्या. अधेमधे ती थांबायची, बोटानं खड्याची धार तपासायची, जागा बदलायची. पाच मिनिटांत सहा जोड्या लागल्या.

“काय चाललंय?” भिंतीकडूनच वन्संनी विचारलं.

“चालले त्या क्रमानं लावले. हा पहिला, याच्या पोटात बारीक अभ्रक चमकतंय. हा टेकडीच्या अलीकडचा, दाणे जरा मोठे. हा तिच्या पोटातला, याच्यावर जिप्समची शीर आहे, तिरपी.”

वन्सं वळल्या. ओळींकडे बघत राहिल्या. “मला चहा दे जरा,” त्या म्हणाल्या.

चकती चहा घेऊन आली, कप तिपाईवर ठेवला आणि जाता जाता, बोलण्याच्याही आधी, तिनं तांबड्या ओळीतले दुसरा आणि पाचवा हे खडे उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. मग राखाडीतले तिसरा आणि चौथा.

“हे हलले कसे?” तिनं विचारलं.

“मी हलवले,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “बघत होते, थापा मारतेयस का ते.”

दारातून नवरा पुटपुटला, “हिला घरातल्या चमच्यांचेसुद्धा चेहरे पाठ आहेत ताई. एक कमी झाला तर नेमका कुठला ते सांगते.”

वन्संनी एक राखाडी खडा उचलून जिभेला लावला, उजेडात धरला. मग पेन्सिल चकतीच्या हातात दिली आणि तक्त्याबाहेरच्या कोऱ्या कागदावर कड काढायला सांगितली. चकतीनं काढली: सरळ, डावीकडे, टेकडीच्या पोटात, पुन्हा बाहेर. अंतरं नव्हती, पण वळण होतं. वन्संनी त्या वळणाशेजारी आपला तक्ता धरला.

“माझी टिंबं टेकडीच्या उजवीकडून जातात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी चुकत होते. टेकडीच्या डाव्या अंगाला कुणी विहीर खणली असती तर...” आणि त्या हसल्या, अगदी लहान मुलीसारख्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “बरं झालं गं! छापायच्या आधी कळलं. देवानं अब्रू राखली माझी. आणि तुला मी कुत्र्याच्या दगडापर्यंत नेलं.”

“खरंच होतं ते. नंबर हवाच होता.”

“हवाच आहे. क्रम आहे, आकडे नाहीत. अर्धा नकाशा झाला, अर्धा राहिला.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “रेडिओवर सांगितलंय, उद्या दुपारपासून गरम वारा सुटणार. एवढ्याशा फुलांचा मग काय टिकाव लागायचा?”

“वारा दुपारी ना?” चकती म्हणाली. “मी सकाळी जाते. बाराच्या आत सहाही ठिकाणचे आकडे घेऊन येते. शब्द देते तुम्हाला.”

“उद्या माझी फेरी आहे,” नवरा म्हणाला. “गाडी नाही मिळायची. बदली माणूसही नाही.”

“मग सायकलनंच.”

“घरापासून? चौदा जायचे, चौदा यायचे, वर ते साडेतीन वाकून! गुडघ्यांना विचारलंस का?”

“विचारलं की ते नाही म्हणतात,” चकती म्हणाली. “म्हणून नाही विचारलं.”

वन्सं म्हणाल्या, “सायकल इकडे आण.” त्यांनी पलंगावरूनच टायर दाबून बघितले, पंप जोडला आणि डांबरी रस्त्यासाठी हवा घट्ट भरली. “जाताना अशीच. रस्ता संपला की दोन्हीतली जराशी सोडायची. एवढी,” म्हणत त्यांनी चकतीचा अंगठा धरून टायरवर दाबला, केवढं दबलं पाहिजे ते कळावं म्हणून. अंगठा त्यांनी लगेच सोडला नाही. “तीस वर्षं मी तुला दगड आणून दिले,” त्या म्हणाल्या, “आणि तू काच परत दिलीस. मी कधी विचारलंसुद्धा नाही, की तुला बघावंसं वाटतं का, कुठून येतात ते.”

“आज बघितलं ना. पुष्कळ झालं,” चकती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं. “आज बघितलं त्यात माझी तीस वर्षं आली.”

पहाटे ती उठली तेव्हा नवरा गाढ झोपला होता. त्याची फेरी सातची. तिनं दोन बाटल्या भरल्या, पाव आणि खजूर रुमालात बांधले. वही, पेन्सिल, पेन्सिल मोडली तर दुसरी. वन्संच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चादरीवरचे खडे रात्रीच कुणीतरी उचलून खिडकीच्या कठड्यावर मांडले होते, दोन ओळींत, क्रमानं. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपलेलं माणूस इतकं स्थिर नसतं, हे चकतीला कळलं. पण कळल्याचं तिनं दाखवलं नाही.

सायकल ढकलली तर मागचं चाक टिकटिकतं, म्हणून तिनं ती उचलली. जड होती. ओसरीच्या तीन पायऱ्या ती सायकलीसकट उतरली, फाटकाची कडी आधी वर उचलून मग सरकवली. रस्त्यावर अजून कोणी नव्हतं. समोरच्या घरात एक दिवा लागला होता. हवा गार होती, वाऱ्याचा मागमूस नव्हता. तिनं हँडलवरच्या मीटरकडे बघितलं, बटण दाबून आकडा शून्यावर आणला, वहीत वार लिहिला, आणि पाय पेडलवर ठेवला.